विंचवाची नांगी तिच्याच पाठीतून: लगदा, कामट्या, चिंध्या आणि एक सोंग

पदरकाठ (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हौशी कलाकारांचे धागे नुसते वाचत होते, आज स्वतःचा काढते आहे. लांबण लागेल, पण प्रश्न खरे आहेत आणि उत्तरं मला मार्गशीर्षाच्या आत हवी आहेत.

मी चित्रकला शिकलेली नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या, तिथंच ते थांबलं. नोकरी आकड्यांची. पण रात्री स्वयंपाकघर आवरलं की ओट्यावर जुना पेपर अंथरते आणि हाताला येईल ते चिकटवत, शिवत, रंगवत बसते. कागद, कापड, माती, सुतळी, ज्वारीची धाटं, सगळं एकाच फळीवर. याला मिक्स मीडिया म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमची आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची आणि कागद-मेथी कुटून टोपली थापायची, त्यातलंच हे पुढचं असं मला वाटतं.

गेल्या फाल्गुनात नाथषष्ठीला कॉलनीतल्या बायकांनी भारूड बसवलं. नाथांचा विंचू. पैठण आपल्यापासून लांब नाही, लहानपणापासून हे भारूड प्रत्येकानं पाहिलेलं. बाई येते, चावा बसतो, ती तडफडते, शेवटी उतारा मिळतो. सोंगाचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, एका पोराला विंचू कर, काळे कपडे घाल, दोन नांग्या लाव, झालं.

मी दोन रात्री विचार केला आणि मला ते पटेना. नाथांचा विंचू दगडाखालचा नाही, काम-क्रोधाचा आहे. तो बाहेरून सरपटत येईल कसा? तो तिच्याच आत आहे. मग मी ठरवलं की वेगळा विंचू करायचाच नाही. जिला चावतो तिच्याच पाठीतून नांगी उठली पाहिजे. पदराखाली दडलेली, कुणाला दिसणार नाही अशी, आणि चाव्याच्या क्षणी पदर सारून डोक्यावर कमान करणारी.

हे बोलायला सोपं होतं. करायला दोन महिने लागले.

आधी विंचू नीट पाहिला. माहेरी शेतात बांधावरचा दगड उलथला की सापडतोच. त्याच्या नांगीला पाच पेरं असतात आणि शेवटी विषाची कुपी, तिला काटा. पेरं मुळाकडे जाड, टोकाकडे लांबट होत जातात. हे मोजून घेतलं म्हणून पुढचं जमलं, नाहीतर माझी नांगी माकडाच्या शेपटीसारखी झाली असती.

पहिली नांगी लगद्याची. आजीच्या पद्धतीनं रद्दी तीन दिवस भिजवली, मेथी भिजवून वाटून घातली, उखळात कुटली आणि तांब्या-वाट्यांवर थापून पेरं काढली. देखणी झाली. वाण्याच्या काट्यावर ठेवली तर दोन किलो तीनशे ग्रॅम! जी मुलगी सोंग घेणार होती ती तेरा वर्षांची. तिच्या पाठीवर एवढं ओझं ठेवून तिला नाचायला सांगणं मला शक्य नव्हतं. ती नांगी तशीच बाजूला ठेवली, आता तिच्या पेरांत मी ब्रश ठेवते.

दुसरी कामट्यांची. आकाशकंदिलाचा सांगाडा करतो तशाच कड्या वळवल्या, बुरुडाकडून ओल्या कामट्या आणून. सगळ्यांत मोठी कडी पाच इंच रुंद, सगळ्यांत लहान तीन. प्रत्येक पेर दोन कड्यांचं, त्यावर जुन्या सुती साडीचे तुकडे खळ लावून ताणले आणि वर वर्तमानपत्राचे दोन थर. दोन पेरं खालच्या अंगाला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं जोडली, वरच्या अंगाला फट ठेवली. फटींच्या बाजूनं सगळ्या पेरांतून एक नायलॉनची दोरी ओवली. दोरी ओढली की वरच्या फटी मिटतात आणि नांगी वर वळते. पाच सांधे, प्रत्येक साधारण तीस अंश वळतो, म्हणजे दीडशे अंशांची कमान. मूळ मुलीच्या जुन्या दप्तराच्या पट्ट्यांवर बसवलं, पाठीच्या मधोमध. विषाची कुपी नारळाच्या करवंटीची, आणि काटा कापडात सरकी भरून मऊ केला, कारण आजूबाजूला लहान पोरं बसणार. सगळं मिळून वजन साडेनऊशे ग्रॅम.

आता कातडीबद्दल, हाच माझ्यासाठी या कामाचा जीव. भारुडातल्या चौदा जणींना मी सांगितलं की घरातला कोणताही जुना कागद घ्या, लाइटबिल, किराण्याची यादी, मुलांची वही, आणि त्याच्या पाठीमागं तुम्हाला कशाचा राग येतो ते एका ओळीत लिहून द्या. नाव नको. दोन दिवसांत चौदाच्या चौदा चिठ्ठ्या आल्या. "नळाच्या दिवशी मलाच सुट्टी काढावी लागते." "जमीन विकताना मला कुणी विचारलं नाही." "मी शिकले असते." एकीनं नुसतं "भाकरी" एवढंच लिहिलं होतं. या चिठ्ठ्या मी पेरांवर चिकटवल्या, वरून गेरू आणि काजळीचा पातळ हात दिला, अक्षरं दिसतील एवढाच. लांबून ती विंचवाची पिंगट कातडी दिसते. जवळ गेलं की वाचता येते.

कार्यक्रमात दोरी एकदा अडकली, तिसऱ्या पेराच्या कडेला. नांगी अर्धीच उठली. मुलीनं प्रसंग सोडला नाही, कळवळत गुडघ्यावर बसली, पुन्हा ओढली, तेव्हा ती वर गेली. समोर बसलेल्या बायका एकदम गप्प झाल्या होत्या.

आता अडचण. नांगी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. श्रावणात उघडली तर कसर लागलेली. खळ मैद्याची, तिला पोरकिडे पण झालेले. चौदापैकी नऊ चिठ्ठ्यांना भोकं पडलीत, दोन जवळजवळ गेल्याच. रात्रभर झोप लागली नाही. मार्गशीर्षात आमच्याकडे योगेश्वरीचं नवरात्र असतं, तेव्हा हेच भारूड पुन्हा करायचं ठरलंय.

तर माझे प्रश्न. खळीला कीड लागू नये म्हणून काय करता? दोरी न अडकता सरकण्यासाठी काय? उन्हात घालायच्या सोंगाला आतून अस्तर कशाचं? आणि खाल्लेल्या चिठ्ठ्यांचं काय करू, बायकांकडून पुन्हा लिहून घेऊ का?

आणखी एक विचारायचं आहे. बाजारात जुन्या कापडांच्या ढिगात मला एक फाटकी बंजारा कांचळी, म्हणजे त्यांची चोळी, मिळाली, भिंगांची, कवड्यांची. भिंतीवरच्या एका फळीसाठी तिचे तुकडे कापून वापरावेत असं मनात आहे. कुणी असं केलंय का?

---

लालमिरची (धर्माबाद)

ताई, लई भारी सुचलंय तुम्हाला. पाठीतून नांगी, हे आजवर कुठं बघितलं नाही.

मी पोळ्याला बैलांची सजावट करतो, झुली शिवतो, बाशिंगं करतो. गणपतीत देखावे. दोरीचं सांगतो. नायलॉनची दोरी कामट्यावर घासती, उन्हात ढिली पडती. सायकलच्या ब्रेकची वायर वापरा. नुसती वायर न्हाई, तिच्यावरची प्लास्टिकची नळीसुद्धा. नळीचे इंच-इंच तुकडे करून प्रत्येक कडीला वरून बांधा आणि वायर त्यातून ओवा. मग अडकायला कामटी उरतच न्हाई. हातात ब्रेकचं लिव्हरच द्या की, दाबलं की नांगी वर.

मागच्या ब्रेकची वायर घ्या. पुढची आखूड पडते.

---

देवगिरीचा_धागा (छत्रपती संभाजीनगर)

पदरकाठ ताई, चिठ्ठ्यांचं वाचून हातातलं काम ठेवलं.

अस्तराबद्दल मी सांगू शकेन, कापड हा माझा विषय आहे. आपल्याकडच्या मशरूची वीण आठवा. वरच्या अंगाला रेशीम, खालच्या अंगाला सूत. धर्माच्या नियमानुसार पुरुषांच्या अंगाला रेशीम लागू नये म्हणून ही वीण वापरली जायची, आणि मशरू या शब्दाचा अर्थच "चालेल असं, परवानगी असलेलं" असा आहे. कारण धार्मिक असो, पण शरीराला काय हवं ते त्यात बरोबर पकडलंय. शोभा बाहेर, सूत अंगाला. सोंगाचं याहून चांगलं सूत्र मला माहीत नाही. बाहेर तुम्ही काहीही लावा, जर, फोम, लगदा. घाम जिथं येतो तिथं जुनं धुवून मऊ झालेलं सुती कापडच पाहिजे, आणि ते सुटं हवं, टाचून न टाकता बटणांनी लावलेलं. कार्यक्रम झाला की काढून धुता येतं. दप्तराच्या पट्ट्यांनाही सुती खोळ घाला.

बाजारात मिळणारं सॅटिनचं तयार अस्तर मात्र नको. ते बहुतेक पॉलिस्टरचं असतं, मार्चच्या उन्हात अंगाला चिकटतं आणि मुलांना पुरळ येतं. माझ्या भाचीला गॅदरिंगच्या दिवशी हे झालंय, ती रडतच स्टेजवरून उतरली.

तुम्ही हिमरूचे, म्हणजे आपल्याकडच्या सूत-रेशमाच्या नक्षीदार कापडाचे, तुकडे वापरता का? विणकरांकडे काठाचे तुकडे उरतात. हिमरूच्या उलट्या बाजूला नक्षीचे धागे सुटे असतात, कापलं की ते उसवत जातात. म्हणून कापण्याआधी मागून खळीचा पातळ हात द्या, सावलीत वाळवा आणि मग कात्री लावा. कडा अगदी कागदासारख्या तुटतात.

---

खडूफळा (बीड)

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. चित्रकलेचा तास माझ्याकडेच असतो, त्यामुळे खळीशी रोजचा संबंध.

ताई, मेथी तुम्ही लगद्यात घातली होती आणि खळीत घातली नाही, चूक तिथं झाली. लगद्याची पहिली नांगी बघा, तिला कीड लागली नसेल. लागली आहे का? कडू असल्यानं मेथीला किडे शिवत नाहीत, आणि तिचा चिकटपणा वेगळाच. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, शिजत आली की चमचाभर मेथीची पूड, आणि उतरवल्यावर लवंगेच्या तेलाचे पाच-सहा थेंब. पूर्वी पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद टाकायचे. त्यानं कीड लागत नाही हे खरं, पण ते विष आहे. लहान मुलाच्या अंगावर जाणाऱ्या वस्तूत कधीही घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

खरा उपाय वरून बंद करणं. खळीचं काम फक्त आतल्या थरांना ठेवा, शेवटचे दोन थर फेविकॉल-पाण्याचे द्या. पूर्ण वाळल्यावर दोन्ही अंगांनी वार्निश, आतून सुद्धा. आतून द्यायचं सगळेच विसरतात आणि कसर तिथूनच शिरते.

यावरून एक गोष्ट सांगतो, मुलांना मी दरवर्षी सांगतो. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले सापडले. २०१६ साली तो अभ्यास छापून आला, त्यातले एक अभ्यासक आपल्याच मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले. त्यांचं म्हणणं असं की त्यामुळं गिलाव्याला कीड कमी लागली. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताचा भुसा आणि झाडपाल्याचे तंतू आहेत, भांग नाही, आणि तिथली चित्रं किडीनं बरीच खाल्ली. म्हणजे माती, तंतू आणि किडा यांचं भांडण आपल्या मुलखात दीड हजार वर्षांचं आहे. तुमच्या माळ्यावर झालं ते त्याच भांडणातलं.

तुम्ही आम्ही भांग घालायची नाही, पण तंतूची कल्पना घ्या. अंबाडीचा वाख बोटभर लांबीचा कापून लगद्यात मिसळला तर लगदा कमी जाडीतही मजबूत होतो. वजन तिथं वाचतं.

---

किनवटची_काचभिंग

कांचळीबद्दल लिहिते. मी बंजारा आहे, तांड्यावर वाढले, आता नांदेडला राहते.

ताई, रागावून लिहीत नाही, पण कापू नका.

कांचळी शिवायला माझ्या याडीला, म्हणजे आईला, एक उन्हाळा लागायचा. भिंगाला भोक नसतं, ते चारी बाजूंनी टाक्यांचं कुंपण करून धरलेलं असतं. तुम्ही मधून कात्री घातली की कुंपण तुटतं आणि आठ दिवसांत भिंग गळून पडतं. हे कामाच्या अंगानं. दुसरं असं की ती कुणाची तरी होती. कवड्या कुठं, नाणी कुठं, रंग कोणता, हे बाईचं वय, तिचं लग्न, तिचं घर यांवरून ठरतं. फेटिया (घागरा) आणि कांचळी घातलेल्या म्हाताऱ्या आता तांड्यावर मोजक्याच उरल्यात. त्या गेल्या की घरचे कापड विकतात, म्हणूनच ते ढिगात येतं.

तुम्हाला फळीवर लावायची असेल तर अख्खी लावा. मागं जाड सुती कापड ठेवा, फाटलं आहे तिथं त्या कापडावर धावदोऱ्यानं टाचून धरा, चिकटवू नका. आणि टाके शिकायचे असतील तर मला सांगा, मी दाखवीन. नवीन कापडावर तुमच्या हातानं करा, मग हवं तितकं कापा.

---

पदरकाठ

काचभिंग ताई, तुमचं वाचलं आणि कांचळी पेटीतून काढून मांडीवर घेऊन बसले. डाव्या बगलेत जुन्या घामाचा डाग आहे. आधी तो मी रंगात झाकायचा विचार केला होता. आता नाही कापणार. अख्खी लावते, तुम्ही सांगता तशी, आणि टाके शिकायला नक्की येते. मनापासून सांगितल्याबद्दल आभार.

खडूफळा सर, तुमचं बरोबर निघालं. पहिल्या लगद्याच्या नांगीला एक भोक नाही. सहा महिने त्याच घरात, ब्रश ठेवायला वापरतेय. मेथी!

लालमिरची दादा, आजच सायकलच्या दुकानातून वायर आणली. करून बघते आणि कळवते.

---

सुईतला_उजेड (लातूर)

सगळे खळीवर बोलतायत म्हणून ग्लू गनचं सांगते. मी मुलांच्या गॅदरिंगचे पोशाख करते, पंख, मुकुट, ढाली. फोम शीट आणि ग्लू गन, काम भराभर होतं. पण आपल्या उन्हाचा अंदाज घ्या. एप्रिलमध्ये पंख स्कूटीच्या डिकीत ठेवले, बाजारातून अर्ध्या तासात परत आले तर निम्मी पिसं सुटलेली. ग्लू गनचा गोंद पुन्हा तापला की पुन्हा मऊ होतो. आता मी जिथं ओढ पडते तिथं आधी शिवून घेते आणि गोंद फक्त जागेवर धरायला वापरते. शिवलेलं कधीच दगा देत नाही.

एक जुनं दुखणंही सांगते. एका संस्थेनं कार्यक्रमासाठी माझे बारा पोशाख नेले, "दोन दिवसांत परत देतो" म्हणाले. महिन्यानं आले, ओलसर खोलीत गोणीत कोंबलेले, बुरशी धरलेले. मी एक रुपया घेतला नव्हता. हौस आहे म्हणून दिले होते. त्यांना कुणालाच ती चूक वाटली नाही, कारण फुकट मिळालेलं होतं. तेव्हापासून अनामत घेते. पोशाखाच्या कापडाच्या खर्चाच्या दुप्पट, परत आला की परत. आणि कागदावर लिहून घेते, किती नग, कोणत्या स्थितीत, कधी परत. ओळखीच्यांकडूनही.

---

मांजराकाठ (केज)

सुईतला उजेड यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी भजनी मंडळाला वासुदेवाची टोपी करून दिली, मोरपिसं स्वतः गोळा केलेली. परत आली तेव्हा पिसं मोडलेली. हौस म्हणजे आपला वेळ फुकट, असं समोरच्याला वाटतं.

---

देवगिरीचा_धागा

अनामतीला हरकत नाही, पण कॉलनीतल्या भारुडाला कागद लिहून घ्यायचा का? तिथं सगळ्याच जणी सोंग सांभाळतात, कारण त्यांच्या चिठ्ठ्या त्यात आहेत. माझा अनुभव असा की ज्यांनी टाका घातला ते कधीच वस्तू फेकत नाहीत. संस्थेला पोशाख देतानाही मी आता शेवटचं एक बटण लावायचं ठेवते आणि घालणाऱ्या मुलाकडूनच लावून घेते. फरक पडतो.

---

सुईतला_उजेड

बटणाचं आवडलं. अनामत तरीही घेणार.

---

खडूफळा

खाल्लेल्या चिठ्ठ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. माझं मत सांगतो. पुन्हा लिहून घेऊ नका. भोकं आहेत तशी राहू द्या. चिठ्ठी अलगद ओली करून सोडवा, मागं लाल कापड लावा, पुन्हा चिकटवा. भोकांतून लाल दिसेल. कातडी फाटून आतलं मांस दिसावं तसं. गेलेली अक्षरं कोणती होती ते बाईला माहीत आहे, तिला पुरे.

---

किनवटची_काचभिंग

सर, तुमची कल्पना दिसायला सुंदर आहे. पण त्या बायकांना विचारा ना आधी. ज्या ओळी त्यांनी लिहिल्या त्या किड्यानं खाल्ल्या, त्यांना तशा ठेवायच्या की नाही हे ताईंनी एकटीनं ठरवू नये.

---

खडूफळा

मान्य. बरोबर आहे तुमचं.

---

लालमिरची

ताई, काय झालं वायरीचं? पोळा झाला, आता मोकळा हाय. अडलं तर फोटो टाका.

---

पदरकाठ

उशीर झाला, माफ करा. सविस्तर लिहिते.

आधी वायर. दादा, नळीच्या तुकड्यांनी चमत्कार केला. इंच-इंच कापून प्रत्येक कडीला सुतानं गुंडाळून बांधले, वर फेविकॉल. एकदाही अडकलं नाही. मात्र ब्रेकचं लिव्हर चाललं नाही. लिव्हर दाबलं तर वायर इंचभरच सरकते आणि माझ्या पाचही फटी मिटायला दहा इंच ओढ लागते. तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी लिव्हर काढून वायरीच्या टोकाला पडद्याची लाकडी कडी बांधली. कडी मुलीच्या उजव्या खांद्यावर, पोलक्याच्या आत असते. चावा बसला की बाई काय करते? हात छातीशी नेते आणि पोट धरून वाकते. खांद्यापासून कमरेपर्यंत हात आला की मोजून दहा इंच होतात! तिला वेगळं काही ओढावंच लागत नाही. ती कळवळते आणि त्याच हालचालीत नांगी उठते. हे मला आधीच सुचायला हवं होतं. सोंगाची कळ तिच्या अभिनयातच होती, मी ती लिव्हरमध्ये शोधत होते.

अस्तर जुन्या इरकल लुगड्याचं केलं, आईचं. बटणांनी लावलं. पट्ट्यांना खोळ घातली. मुलगी म्हणाली, "मावशी, आता बोचत नाही." पहिल्यांदा बोचत होतं हे तिनं तेव्हा मला सांगितलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. सोंग करणाऱ्या सगळ्यांना सांगते, घालणाऱ्याला अर्धा तास घालून चालवा, बसवा, पाणी प्यायला लावा आणि मग विचारा.

कड्या सावलीत वाळवा हेही लिहून ठेवते. पहिल्यांदा गच्चीवर उन्हात ठेवल्या होत्या, दुपारभरात वाळल्या पण तीन वाकड्या झाल्या. घाईनं वाळलेली खळ कामटीला ओढून घेते. आता कंदिलासारख्या घरात टांगते, दर तासाला फिरवते, दोन दिवस लागतात.

आता चिठ्ठ्या. काचभिंग ताई, तुमचं ऐकलं. सगळ्यांना घरी बोलावलं, चहा केला आणि नांगी मधोमध ठेवली. कुणाची कोणती चिठ्ठी हे मी विचारलं नाही. एवढंच म्हणाले की कीड लागलीय, काय करायचं ते ज्याचं त्यानं सांगा.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं चष्मा लावला आणि आपली ओळ शोधली. "सुट्टी"पर्यंतचं राहिलं होतं, पुढचं गेलेलं. ती म्हणाली असू दे, पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे. तिला खडूफळा सरांचं लाल कापड दाखवलं, तिनं होकार दिला. सहा जणींनी तसंच सांगितलं. दोघींनी नवीन कागद मागितला. एक जण आपली चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत राहिली आणि म्हणाली, याचा राग आता येत नाही, दुसऱ्याच गोष्टीचा येतो. तिनं जुनी काढली नाही. नवी शेजारी लावली.

"भाकरी"वाली चिठ्ठी पूर्ण गेली होती. ती कुणाची ते मला अजून माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या फटीत एक घडी केलेला कागद होता, गॅस सिलिंडरच्या पावतीचा. त्यावर पुन्हा तेच, "भाकरी". या वेळी खाली रेघ मारलेली.

लाल कापड हिमरूचं वापरलं. देवगिरीचा धागा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मागून खळ दिली, कडा खरंच कागदासारख्या तुटल्या. शेवटचे दोन थर फेविकॉलचे, आतून-बाहेरून वार्निश, खळीत मेथी आणि लवंगेचं तेल. वजन आता एक किलो चाळीस ग्रॅम, नव्वद ग्रॅम वाढलं. मुलगी चालेल म्हणाली.

---

देवगिरीचा_धागा

वाचून गप्प बसले आहे. नवरात्रात भारूड कोणत्या दिवशी, ते कळवा. मी येईन.

---

लालमिरची

कडी खांद्यावर आणि ओढ कमरेपर्यंत, हे म्या पोळ्याच्या बैलाच्या मुखवट्याला वापरतो आता. ताई, एकच विचारतो. वायर नुसती लोखंडाची घेतली की गॅल्व्हनाइजची? घामानं गंजती.

---

पदरकाठ

साधी मिळाली होती, दादा. उद्या बदलते.

---

किनवटची_काचभिंग

ताई, रविवारी येते मी अंबाजोगाईला, टाक्यांसाठी. येताना लाल, पिवळा, हिरवा, निळा असे जाड सुती दोरे आणते. भिंगं तुम्ही आणा, गोल, पैशाएवढी, कडा घासलेली. कडा घासलेली नसली तर दोरा तुटतो.